फोल्डर एकच, नावं दोन

वाचकांचे या वेळचे बरेच प्रश्न एकाच विषयाभोवती, म्हणजे नेटवर्कवरच्या एका फोल्डरला किंवा सर्व्हरला दुसरं नाव देण्याभोवती आले, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. आज्ञा आणि बटणांची नावं देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची. शेअरची नावंही इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मध्ये जागा न सोडता ठेवावीत.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. सात संगणकांपैकी एकावर (विंडोज ११ प्रो) डी ड्राइव्हमध्ये 'दप्तर' हा फोल्डर आहे आणि तो त्याच नावानं नेटवर्कवर शेअर केला आहे. पूर्वी त्याचं शेअर-नाव 'हिशोब' होतं. जुन्या एक्सेल फायलींतल्या लिंका आणि दोन मशिनवरच्या टॅलीचा डेटा पाथ अजून त्याच नावावर आहेत. फायली दोन ठिकाणी न ठेवता दोन्ही नावं चालतील का?

उत्तर : चालतील. विंडोजमध्ये एका फोल्डरला हवी तितकी शेअर-नावं देता येतात आणि एकही फाइल दुसरीकडे जात नाही. 'दप्तर'वर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग 'शेअरिंग' टॅब, मग 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'. तिथं शेअर-नावाच्या चौकटीखाली 'ॲड' असं बटण दिसेल. ते दाबून दुसरं नाव 'हिशोब' टाका. फोल्डर आधी एकदा शेअर झालेला असेल तरच हे बटण वापरता येतं. पहिल्याच खेपेला ते शोधत बसू नका.

इथवर कुणी चुकत नाही. चुकतं ते पुढे. नव्या नावाला विंडोज आपणहून जी परवानगी देतं ती 'एव्हरीवन : रीड', म्हणजे सगळ्यांना फक्त वाचायची. पहिल्या नावाची परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही. मग 'हिशोब'वाटे एक्सेल उघडतं, पण सेव्ह होत नाही. टॅली डेटा लिहिताना अडते आणि दोष टॅलीला दिला जातो. त्यामुळे नवं नाव टाकताना तिथलंच 'परमिशन्स' बटण दाबा आणि पहिल्या नावाला ज्यांना जे दिलं आहे तेच इथंही द्या. लिहायचं असेल त्यांना 'चेंज' पुरतं. 'फुल कंट्रोल' सहसा लागत नाही.

हेच काम एका ओळीत करायचं तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून द्या :

नेट शेअर हिशोब=डी:\दप्तर /ग्रँट:एव्हरीवन,चेंज

इथं एव्हरीवन लिहिलं तरी घाबरू नका. फोल्डरच्या 'सिक्युरिटी' टॅबमधली परवानगी आणि शेअरची परवानगी या दोन्हींपैकी जी अधिक कडक, ती लागू होते. खरी राखण 'सिक्युरिटी' टॅबमध्ये करावी, कारण कुठल्याही नावानं आलं तरी ती एकच असते. नुसतं 'नेट शेअर' लिहून एंटर दाबलं की सगळी नावं आणि त्यांचे पाथ दिसतात. 'हिशोब' पुढे नको झालं तर 'नेट शेअर हिशोब /डिलीट'. यानं फक्त नाव जातं, फायली जागेवर राहतात.

विंडोज ११ प्रो हे सर्व्हरसाठीचं विंडोज नाही, त्यात एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे. दोन नावं दिली म्हणून ती ४० होत नाही. तुमच्या सात संगणकांना काही अडचण नाही.

ही नावं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या साठ्यात, 'लॅनमॅनसर्व्हर' खाली 'शेअर्स' या कीमध्ये लिहिलेली असतात. विंडोज नव्यानं टाकण्यापूर्वी ती की एक्सपोर्ट करून ठेवली, तर नंतर ती परत घालून मशीन रीस्टार्ट केलं की नावं जागेवर येतात. ड्राइव्हचं अक्षर मात्र तेच हवं.

प्रश्न : दोन जणांनी एकच एक्सेल फाइल दोन वेगळ्या नावांनी उघडली तर एकाचं काम दुसऱ्यावर चढेल का? आणि वाय व झेड अशी दोन ड्राइव्ह-अक्षरं दिली, तर दोन्हींकडे ३८० जीबी मोकळी दिसते. म्हणजे एकूण ७६० का?

उत्तर : आधी दुसरं. सातबाऱ्यावर नाव वाढलं म्हणून रान वाढत नाही. जागा ३८०च. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला मात्र हे कळत नाही. त्याला वाय आणि झेड दोन्ही दाखवलेत तर तो सगळं दोनदा उतरवेल. फोल्डर ज्या संगणकावर आहे त्यावरच्या मूळ डी:\दप्तरवरूनच बॅकअप घ्या.

फाइलचं कुलूप सर्व्हर, म्हणजे फोल्डर ज्यावर आहे तो संगणक, लावतो, आणि त्याच्या दृष्टीनं फाइल एकच. त्यामुळे दुसऱ्या माणसाला, तो कुठल्याही नावानं आला तरी, फाइल दुसऱ्याकडे उघडी असल्याचा निरोप येतो. काम चढत नाही.

अपवाद एकच, पण वाईट : ऑफलाइन फाइल्स. एखाद्या लॅपटॉपवर फोल्डर 'ऑलवेज अव्हेलेबल ऑफलाइन' केला असेल, तर विंडोज ती प्रत पाथच्या नावानं साठवतं. दोन नावं, तर दोन प्रती. नेटवर्क तुटलेलं असताना दोन्हींत बदल झाले की परत जोडल्यावर कुठली खरी हा प्रश्न तुमच्यावर येतो. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'मधल्या 'कॅशिंग' बटणात ऑफलाइनची सोय दोन्ही नावांसाठी बंद करा. ती एका नावाला बंद केली म्हणून दुसऱ्याला आपोआप होत नाही.

एक्सेलच्या लिंकांत पूर्ण पाथ लिहिलेला असतो, म्हणून नवी लिंक करताना सगळ्यांनी एकच नाव वापरायचं हे ठरवून टाका. जुनं नाव जुन्या फायलींपुरतं.

प्रश्न : आमच्या संस्थेत 'पगार' हा फोल्डर 'दप्तर'च्या आतच आहे. तो 'पगार$' अशा लपलेल्या नावानं वेगळा शेअर केला आणि परवानगी फक्त दोघांना दिली. तरी बाकीच्यांना तो दिसतो.

उत्तर : दिसणारच. ते 'पगार$'वाटे येत नाहीत, 'दप्तर'वाटे आत जातात, आणि त्या वाटेला दप्तरची शेअर-परवानगी लागते. डॉलरचं चिन्ह फक्त यादीतून नाव गाळतं. 'पगार' फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये 'ॲडव्हान्स्ड' उघडून 'डिसेबल इनहेरिटन्स' करा आणि त्या दोघांखेरीज बाकीच्या कर्मचाऱ्यांची नावं व 'यूजर्स', 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' असे सगळ्यांचे गट काढा. 'सिस्टिम' आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स राहू द्या, नाहीतर बॅकअप अडेल.

प्रश्न : २०१९ च्या पुरानंतर आम्ही सर्व्हर वरच्या मजल्यावर नेला, आणि आता तो बदलला. जुन्याचं नाव 'कृष्णा', नव्याचं 'वारणा'. शेकडो फायलींत \\कृष्णा\दप्तर असा पाथ आहे. डोमेन (सगळ्या संगणकांचा एका सर्व्हरवरून चालणारा कारभार) नाही, साधा वर्कग्रुप आहे.

उत्तर : इथं शेअरला नव्हे, सर्व्हरला दुसरं नाव हवं. आधी जुना कृष्णा नेटवर्कवरून कायमचा काढा किंवा त्याचं नाव बदला, नाहीतर एका हाकेला दोघं ओ देतील. मग राउटरमध्ये वारणाचा आयपी पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१०. प्रत्येक संगणकावर नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'सिस्टिम३२\ड्रायव्हर्स\ईटीसी' मधल्या 'होस्ट्स' फाइलमध्ये शेवटी एक ओळ घाला : आधी पत्ता, मग जागा सोडून 'कृष्णा'. सेव्ह करताना नोटपॅड मागे 'डॉट टीएक्सटी' जोडत नाही ना हे बघा. 'ओळ घातली पण चालत नाही' यामागे बहुतेक वेळा तेच असतं.

तरीही 'नेटवर्कवर याच नावाचं दुसरं मशीन आहे' अशा अर्थाची ५२ क्रमांकाची चूक आली, तर वारणाच्या रजिस्ट्रीत 'लॅनमॅनसर्व्हर\पॅरामीटर्स' खाली 'डिसेबलस्ट्रिक्टनेमचेकिंग' नावाची डीवर्ड नोंद करून किंमत १ द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. पासवर्ड प्रत्येक संगणकावर एकदा नव्यानं विचारला जाईल, कारण विंडोज तो सर्व्हरच्या नावाखाली साठवतं. खुद्द वारणावर बसून \\कृष्णा उघडत नसेल तर 'एमएसव्ही१_०' कीखाली 'बॅककनेक्शनहोस्टनेम्स' या मल्टी-स्ट्रिंग नोंदीत 'कृष्णा' लिहा. डोमेन असतं तर यातलं काही हातानं करण्यापेक्षा 'नेटडॉम कॉम्प्युटरनेम' ही आज्ञा बरी.

प्रश्न : साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा मशीन शॉप आहे. उबुंटूवर (लिनक्सवर) सांबा, म्हणजे विंडोजला फोल्डर शेअर करून देणारा प्रोग्राम, आहे. ड्रॉइंगचा एकच फोल्डर डिझाइन विभागाला लिहायला आणि शॉप फ्लोअरला फक्त वाचायला हवा. सिमलिंक (मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) करून पाहिली, ती उघडत नाही.

उत्तर : सिमलिंक शेअरच्या बाहेर जात असेल तर सांबा ती सुरक्षेसाठी मुळातच नाकारतं. ते उघडायच्या फंदात पडू नका. सांबाच्या कॉन्फिग फाइलमध्ये एकाच पाथचे दोन विभाग लिहा :

[ड्रॉइंग]
पाथ = /एसआरव्ही/ड्रॉइंग
रीड ओन्ली = नो
व्हॅलिड यूजर्स = @डिझाइन
फोर्स ग्रुप = डिझाइन
क्रिएट मास्क = ०६६४
डिरेक्टरी मास्क = २७७५

[शॉप]
कॉपी = ड्रॉइंग
रीड ओन्ली = येस
व्हॅलिड यूजर्स = शॉप

'कॉपी' ही ओळ वरच्या विभागातलं सगळं उचलते, खाली लिहिलेलं तेवढं बदलते. मूळ विभाग फाइलमध्ये आधी यायला हवा, हा नियम. क्रिएट मास्क, म्हणजे नव्या फाइलला जास्तीत जास्त कोणती परवानगी मिळेल ते, मुद्दाम लिहिला आहे. तो न लिहिल्यास सांबा ०७४४ धरतं, आणि मग एका डिझायनरनं केलेली नवी फाइल दुसऱ्याला सेव्ह करता येत नाही. फोल्डर स्वतःही डिझाइन गटाच्या मालकीचा आणि २७७५ परवानगीचा असावा. मग 'टेस्टपार्म' चालवून चुका तपासा आणि 'एसएमबीकंट्रोल ऑल रीलोड-कॉन्फिग' द्या. सेवा बंद करायची गरज नाही, कुणाचं काम तुटत नाही.

शॉप फ्लोअरसाठी पासवर्डविना 'गेस्ट' सोय ठेवायचा मोह होतो. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून अशी जोडणी मुळातच अडवली जाते, त्यामुळे 'शॉप' नावाचा साधा यूजर करून 'एसएमबीपासडब्ल्यूडी' नं पासवर्ड द्या.

सुपरवायझरच्या एकाच विंडोजवरून दोन्ही नावं दोन वेगळ्या यूजरनी उघडायची असतील तर १२१९ ही चूक येईल. एका सर्व्हरशी एका वेळी एकाच यूजरनं बोलायचं, असा विंडोजचा नियम आहे. दुसरी जोडणी नावाऐवजी आयपी पत्त्यानं केली की विंडोज त्याला वेगळा सर्व्हर समजतं आणि काम होतं. पण सुपरवायझरला 'डिझाइन' गटातच घालणं सरळ.

फोल्डर दुसऱ्या शेअरच्या पोटात दिसायला हवा असेल, तर सिमलिंकऐवजी बाइंड माउंट करा, म्हणजे मूळ फोल्डर दुसऱ्या जागीही जोडा. एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये) मूळ पाथ, नवा पाथ, मग 'नन बाइंड ० ०'. त्यानंतर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या नव्या जागी 'आरएम -आरएफ' ही सगळं पुसणारी आज्ञा दिली तर मूळ ड्रॉइंगच जातील. काढायचं असेल तेव्हा आधी 'यूमाउंट'. आणि आरसिंक या बॅकअपच्या आज्ञेचा '-एक्स' (दुसऱ्या डिस्कमध्ये न शिरण्याचा) पर्याय एकाच डिस्कवरचा बाइंड माउंट ओळखत नाही. बॅकअपच्या आज्ञेत तो पाथ 'एक्सक्लूड'नं वगळा, नाहीतर ड्रॉइंग दोनदा उतरतील आणि बॅकअपची डिस्क लवकर भरेल.