गावच्या घरासाठी २५ हजारांत ४३ इंची टीव्ही

तुमचा प्रश्न असा: संगमेश्वरजवळ गावी आईवडील दोघंच असतात, जुना ट्यूबवाला टीव्ही गेला, बजेट २५ हजार, ४३ इंची घ्यायचाय, फुल एचडी घ्यावा की फोर-के, आणि कंपनी कोणती? दोघं मालिका आणि बातम्या बघतात, अधूनमधून यूट्यूबवर कीर्तन, आणि डिश जुनीच आहे, असंही तुम्ही लिहिलंय. या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या २५ हजारांचं चीज होणार की नाही हे तिथेच ठरणार आहे.

जुना सेट-टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडलेला असेल तर तो एसडी (जुन्या, साध्या दर्जाचं) चित्र देतो, म्हणजे ७२० बाय ५७६, जेमतेम ४ लाख ठिपके. फुल एचडी पडद्यावर ठिपके २० लाखांच्या वर असतात, फोर-केवर सुमारे ८३ लाख. मधली सगळी तूट टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरून काढतो. २१ इंची ट्यूबवर जे चित्र चांगलं वाटायचं, तेच ४३ इंचावर मेणाच्या पुतळ्यांसारखं दिसतं आणि मग सगळे टीव्हीला नावं ठेवतात. म्हणून आधी बॉक्स एचडी करून घ्या, तो एचडीएमआय केबलनेच (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी एकच चपट्या तोंडाची वायर) जोडा, आणि आई ज्या दोन-तीन वाहिन्या रोज लावते त्यांची एचडी आवृत्ती पॅकमध्ये घ्या. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी तिन्ही एचडीत आहेत. डीडी फ्री डिश असेल आणि तीच ठेवायची असेल, तर तिथल्या बहुतेक वाहिन्या एसडीच आहेत. अशा वेळी मी ४३चा हट्ट सोडून चांगला ३२ इंची घेईन.

आता फुल एचडी की फोर-के. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडे बसलं की निरोगी डोळ्यालाही ते ठिपके वेगळे दिसत नाहीत. कोकणातल्या ओटीवर किंवा माजघरात माणूस आठ-दहा फुटांवर बसतो, त्यामुळे ठिपक्यांच्या हिशोबाने फोर-केचा तुम्हाला काही उपयोग नाही. तरीही किमतीत फरक थोडाच असेल तर फोर-के घ्या, कारण या आकारात कंपन्या बरा प्रोसेसर आणि जास्त रॅम फोर-के मॉडेललाच देतात. रॅम, म्हणजे ॲप चालवताना लागणारी मेमरी, २ जीबीपेक्षा कमी नको. १ जीबीचा टीव्ही वर्षभरात इतका रेंगाळतो की वडीलधारी माणसं यूट्यूब उघडायचंच सोडून देतात.

खोक्यावरचं 'एचडीआर', 'ए प्लस ग्रेड पॅनल', 'अब्जावधी रंग' सोडून द्या. एचडीआर म्हणजे उजेड आणि काळोख यांतला फरक जास्त दाखवणारं चित्र, पण २५०-३०० निट्स (उजेडाचं माप) एवढ्याच पडद्यावर त्याचा फायदा दिसतच नाही. त्याऐवजी पॅनल, म्हणजे पडदा, आयपीएस आहे की व्हीए, ते विचारा; हे पडद्याचे दोन प्रकार आहेत. व्हीएमध्ये काळा रंग खरा काळा दिसतो, पण बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएसचा काळा रंग अंधारात करडा वाटतो, पण कुठूनही बघा, चेहरे तसेच राहतात. घरी कोण कुठे बसतं ते आठवा. वडील समोर खुर्चीत, आई स्वयंपाकघराच्या दारातून तिरकं बघतेय, पाहुणे झोपाळ्यावर. अशा घराला आयपीएस. दुकानदाराला सांगता आलं नाही तर टीव्ही चालू असताना भिंतीलगत जाऊन पडद्याकडे तिरकं बघा, कळेल. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या पॅनल बदलत असतात, त्यामुळे इंटरनेटवरच्या परीक्षणापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा.

दुकानात नेहमी फोर-के डेमो लावलेला असतो: पोपट, फळं, धबधबे, तेही सगळ्यात भडक मोडमध्ये. त्यावरून काहीच ठरवू नका. 'सेट-टॉप बॉक्सवरून बातम्या लावा' असं सांगा. निवेदकाची त्वचा आणि खाली सरकणारी अक्षरपट्टी, एवढं बघितलं तरी टीव्ही समजतो.

कंपनीबद्दल मी नाव सांगणार नाही, पण निवडायची पद्धत सांगतो. गावचा पिनकोड घ्या, कंपनीच्या सेवा क्रमांकावर फोन करा आणि विचारा, तंत्रज्ञ कुठून येतो आणि घरी येतो का. चिपळूण किंवा रत्नागिरीहून येत असेल तर ठीक. 'टीव्ही सेंटरला आणून द्या' असं उत्तर मिळालं तर ती कंपनी यादीतून काढा. नाव ओळखीचं आहे म्हणून सेवाही त्याच कंपनीची असेल असं समजू नका. कोडॅक आणि थॉमसन ही नावं परवान्यावर वापरून भारतात टीव्ही बनवणारी कंपनी सुपर प्लास्ट्रॉनिक्स आहे. खोक्यावर निर्मात्याचं नाव छापलेलं असतं, सेवेची चौकशी त्या नावाने करा.

किमतीचं एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ३२ आणि त्याहून लहान टीव्हींना १८ टक्के २०१९ पासूनच होता. त्यामुळे जुन्या किमतींशी तुलना करताना हे धरा आणि बिलावर १८ टक्केच लावलाय ना, बघा. 'नो कॉस्ट' हप्त्यांतही व्याजावरचा जीएसटी बहुधा आपल्यालाच भरावा लागतो. हातात पैसे असतील तर रोख भाव काढून घ्या.

घरी आणताना टीव्ही उभाच हवा, रिक्षात आडवा टाकू नका. फुटलेला पॅनल वॉरंटीत येत नाही. खोका उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा.

भिंतीची काळजी मात्र नीट घ्या. तुमचं घर जुनं असेल तर भिंत जांभ्या चिऱ्याची असणार. चिरा सच्छिद्र असतो, सिमेंट-विटेच्या भिंतीत घट्ट बसणारे छोटे प्लास्टिक फास्टनर त्यात सैल होतात. भोक सांध्यात न पाडता चिऱ्याच्या मध्यावर पाडा, लांब स्क्रू-फास्टनर वापरा, आणि कंपनीच्या माणसाने आणलेले आखूड फास्टनर चालवून घेऊ नका. मातीची भिंत असेल तर टांगायचंच नाही. टीव्हीसोबत पाय येतात, जड टेबलावर ठेवा. उंचीबाबत बहुतेक घरांत देवाच्या फोटोसारखा टीव्ही वर टांगतात आणि मान दुखते. बसल्यावर डोळे जिथे येतात, पडद्याचा मध्य साधारण तिथे हवा, जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. समोर खिडकी किंवा पडवीचं दार नको, दुपारी पडद्यात अंगणच दिसेल.

लावून झाल्यावर अर्धा तास सेटिंगला द्या. पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'मूव्ही' किंवा 'सिनेमा'वर आणा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. शार्पनेस जवळजवळ शून्यावर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, मोशन स्मूदिंग बंद. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही जाऊन रिझोल्यूशन १०८० करा. एचडी बॉक्स आणूनही हे राहून जातं.

बॅकलाइट १०० वर ठेवू नका, ५०-६० पुरे. स्वस्त टीव्हीत सगळ्यात आधी जातात त्या मागच्या एलईडी पट्ट्या, आणि त्या तापल्यामुळेच जातात. कधी आवाज येतोय पण चित्र काळं, असं झालं तर अंधारात पडद्यावर टॉर्च मारून बघा. पुसटसं चित्र हलताना दिसलं तर पॅनल शाबूत आहे, बहुधा पट्ट्याच गेल्यात. वॉरंटी संपली असेल तर तालुक्याचा चांगला मेकॅनिकही त्या बदलून देतो. नवा टीव्ही घ्यायची गरज नाही.

आईवडिलांसाठी सगळ्यात मोलाचं सेटिंग वेगळंच आहे. 'पॉवर ऑन' किंवा 'बूट' नावाच्या पर्यायात टीव्ही चालू होताच थेट एचडीएमआय १ (बॉक्स जोडलाय ती जागा) उघडेल असं करून ठेवा. नाहीतर रोज संध्याकाळी होमस्क्रीनवर नको ती चित्रं येतात, मालिका सुरू झालेली असते आणि तुम्हाला पुण्याला फोन येतो. बॉक्स आणि टीव्ही दोघांत सीईसीची (एचडीएमआयमधून एकमेकांना चालू-बंदचा आदेश देण्याची) सोय असेल तर तीही चालू करा, एका रिमोटने दोन्ही चालू-बंद होतील. यूट्यूबसाठी फोनचा हॉटस्पॉट वापरणार असाल तर दर्जा ४८०वर ठेवा. एचडी चित्रपटाला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो आणि दिवसाचा कोटा त्यातच संपतो.

शेवटचं, पण कोकणात टाळता न येणारं: वीज. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर कमी दाबासाठी स्टॅबिलायझर लागत नाही. खरी भीती मे-जूनच्या वळवाची आणि परतीच्या पावसातल्या विजांची. प्लग काढणं पुरेसं नाही. छपरावरच्या डिशची केबल बॉक्समध्ये येते, तिथून एचडीएमआयने टीव्हीत; गडगडायला लागलं की प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढायची. केबल हाताने सहज सुटेल अशी ठेवा आणि आईला एकदा करून दाखवा. मात्र वीज डोक्यावर कडाडत असताना केबलला हात लावायचा नाही, काम आधीच उरकायचं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते वडिलांच्या फोनमध्ये टाकून द्या. आणि घराला अर्थिंग आहे का, वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंगशिवाय स्पाइक बोर्डचं (विजेचे झटके अडवणाऱ्या जोडबोर्डचं) संरक्षण अर्धवटच राहतं.

आता मला दोनच गोष्टी कळवा: सेट-टॉप बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो, आणि भिंत चिऱ्याची आहे की मातीची. त्यावरून केबल आणि फास्टनर नेमके कोणते घ्यायचे ते सांगतो.