जपानी शेतकऱ्यांच्या जमिनी युद्धानंतर परत मिळाल्या का?

“दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ज्या जपानी शेतकरी कुटुंबांना छावण्यांत डांबले, त्यांना आपली शेते परत मिळाली का?” असे आपण विचारले आहे. काहींना मिळाली, पण अनेकांच्या नावावर परत मिळण्यासारखे मुळात काही नव्हतेच, आणि खरी मेख माझ्या मते तिथेच आहे.

कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने, नागरिकत्वास अपात्र ठरवलेल्या परदेशीयांना, म्हणजे प्रत्यक्षात आशियातून आलेल्यांना, शेतजमीन विकत घेण्यास मनाई होती. त्यामुळे पहिली पिढी खंडाने शेती करी, किंवा आपल्या भाषेत सांगायचे तर, अमेरिकेत जन्मल्यामुळे नागरिक ठरलेल्या लहानग्या मुलाच्या नावे सातबारा करून ठेवी. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि सुमारे १ लाख २० हजार माणसे घरादारावरून उठवली गेली. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक होती.

सर्वांत आधी, ३० मार्चला, वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावरची कुटुंबे निघाली. मुदत सहा दिवसांची, सामान हातात मावेल तेवढे आणि कोटाला कुटुंबाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. स्ट्रॉबेरीची तोडणी पुढे जूनमध्ये यायची होती. पिकाची हेळसांड घातपात समजली जाईल, असेही शेतकऱ्यांना बजावण्यात आले होते. म्हणजे जे फळ आपल्या हाती लागणार नाही, त्याची खुरपणी निघण्याच्या दिवसापर्यंत करत राहायची. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो, म्हणून छावणीच्या काटेरी तारांपेक्षाही ही गोष्ट मला अधिक जिव्हारी लागते.

सगळेच शेजारी जमिनीवर टपलेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. सॅक्रामेंटोजवळच्या फ्लोरिन गावात बॉब फ्लेचर या कृषी निरीक्षकाने नोकरी सोडून तीन कुटुंबांचे द्राक्षमळे सांभाळले, त्यांचे कर आणि कर्जाचे हप्ते भरले, आणि सगळा नफा घेण्याची मुभा असूनही निम्माच घेतला. त्सुकामोटो कुटुंबाचे घर मोकळे असताना तो मजुरांच्या खोलीत झोपे. १९४५ मध्ये ते कुटुंब परतले तेव्हा फ्लेचरच्या पत्नीने घर झाडूनपुसून ठेवले होते.

१९४८ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला खरा, पण त्यात मागणी सिद्ध करण्यासाठी पावत्या आणि कागदपत्रे लागत, आणि ती मागितली जात होती हातात मावेल तेवढेच घेऊन निघालेल्या माणसांकडे. प्रत्येकी २० हजार डॉलर आणि सरकारची माफी १९८८ च्या कायद्याने मिळाली, तीही तेव्हा हयात असलेल्यांनाच. ज्यांनी ते मळे लावले होते, त्यांच्यापैकी बहुतेक तोवर वारले होते.