वीस लाखांचं कर्ज आणि चुकीच्या माणसाचा विमा

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. थोडक्यात देतो.

"वय 49, साखर कारखान्यात नोकरी, वर्षाचं उत्पन्न 7 लाख 20 हजार, पत्नी गृहिणी. मुलीला कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत एका जुन्या स्वायत्त कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळालंय. तिला मात्र पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर हवंय. तिथे सरासरी पॅकेज 12 लाख सांगतात. फी आणि होस्टेल धरून वर्षाला 6 लाख. माझ्या ठेवी 4 लाख, बाकी 20 लाख शैक्षणिक कर्ज, घर तारण. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमीलेयर दाखला आहे. तिच्या शिक्षणासाठी 2013 मध्ये पॉलिसी घेतली होती, वर्षाला 60 हजार, ती 2033 ला पिकते. एजंट नात्यातले आहेत. कर्जाला आधार म्हणून वर्षाला 1 लाखाचं युलिप (हप्ता बाजारात गुंतवणारी विमा पॉलिसी) घ्या, पाच वर्षांत दुप्पट, असं ते म्हणाले. पहिला चेक गेल्या आठवड्यात दिला. तर कॉलेज कोणतं घ्यावं?"

कॅपमधली सीट घ्या. कारणं सांगतो, पण पत्रातली खरी गडबड कॉलेजची नाही, तिच्याकडे नंतर येतो.

आधी कर्ज. दर वर्षी 5 लाख उचलणार, व्याज साधारण साडेदहा टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नाही, म्हणून लोक निश्चिंत असतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या वर्षीचे 5 लाख पाच वर्षं, दुसऱ्या वर्षीचे चार, असं धरलं तर सरळ व्याजानेच सव्वासात लाखांच्या वर जातं. म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज 20 लाखांचं नसतं, सव्वासत्तावीसच्या पुढे असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे 37 हजार, एकूण 44 लाख. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता 30 हजारांवर येतो आणि एकूण 54 लाख जातात.

आता पगार. 12 लाख "सरासरी" म्हणजे चार-पाच जणांना चाळीस-पन्नास लाख आणि बाकीच्यांना पाच-सहा, असंही असू शकतं. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळालं ते विचारा. शिक्षण मंत्रालयाच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्था जी माहिती भरतात त्यात किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे सगळं असतं आणि ते उघड असतं. विद्यापीठाचा काउन्सेलर ते दाखवायला टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच समजा. 6 लाखांचं पॅकेज म्हणजे हातात महिन्याला 42-45 हजार. त्यातून 37 हजार गेल्यावर पुण्यात पोरीने राहायचं कुठे आणि खायचं काय?

नावाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज 1854 चं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं. तिथे कंपन्या स्वतःहून येतात आणि पहिल्या नोकरीला त्या नावाचा खरा उपयोग होतो. अशा ठिकाणासाठी पाच-सात लाखांचं कर्ज काढायला मी कुणालाही अडवणार नाही. पण हायवेवरच्या होर्डिंगने झालेलं नाव वेगळं. माझा ढोबळ नियम असा: हप्ता सुरू होताना जेवढं कर्ज असेल ते पहिल्या वर्षाच्या वास्तव पगारापेक्षा जास्त नको. तुमच्या हिशोबात ते साडेचार पट आहे. राहिली ब्रँच. सॉफ्टवेअर कंपन्या इलेक्ट्रिकलच्या मुलांनाही घेतात आणि कोडिंग शिकायला विद्यापीठ बदलावं लागत नाही.

काउन्सेलरने करसवलतीचं गाजरही दाखवलं असणार. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. तुमच्या 7 लाख 20 हजारांवर नव्या प्रणालीत कर शून्य आहे. नसलेला कर वाचवणार कसा?

आणि जे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत ते सगळ्यात मोलाचं आहे. 2024-25 पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोटा, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे पुण्याची सीट घेतलीत तर ही माफी तुम्ही स्वतःच्या हाताने सोडता. कॅपच्या कॉलेजात होस्टेल, मेस, पुस्तकं आणि किरकोळ शुल्क मिळून वर्षाला लाखभर धरा. चार वर्षांचे 4 लाख तुमच्याकडे आहेत. कर्जाची गरजच नाही.

कॉलेज संपलं. आता पॉलिसी.

मी तुमच्याकडून पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला. कोपऱ्यात पेनने "21 लाख" लिहून गोल केलाय, बहुधा एजंटनेच. खाली, ज्याच्या जिवाचा विमा आहे त्या रकान्यात, तुमच्या मुलीचं नाव आहे. तुम्ही फक्त प्रस्तावक, म्हणजे हप्ते भरणारे. विमा रक्कम 12 लाख.

हे पुन्हा वाचा. घरात कमावणारे एकटे तुम्ही. तुम्हाला काही झालं तर पत्नी आणि मुलगी उघड्यावर येतील आणि ही पॉलिसी त्यांना एक दमडी देणार नाही. विमा काढलाय तो पाच वर्षांच्या पोरीच्या जिवाचा, जिच्यावर कुणीच अवलंबून नव्हतं. वर ती "शिक्षणाची" पॉलिसी पिकते मुलगी 25 वर्षांची झाल्यावर, इंजिनिअरिंग संपून तीन वर्षं झालेली असताना. विकणाऱ्याने एकदा बोटांवर मोजलं असतं तरी कळलं असतं. पण कमिशन बोटांवर मोजत नाहीत.

परताव्याचंही बघा. 60 हजार वीस वर्षं भरून 21 लाख म्हणजे वर्षाला जेमतेम 5 टक्के. 2015 मध्ये सुकन्या समृद्धी ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना सुरू झाली तेव्हा तुमची मुलगी दहाच्या आत होती. त्या योजनेचा दर तेव्हापासून साडेसात ते सव्वानऊच्या दरम्यान राहिलाय आणि मुलगी अठराची झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते. हेच 60 हजार तिथे भरले असते तर आज पाचेक लाख हातात असते, नेमके लागत असताना. तुमच्यासाठी ती वेळ गेली. ज्यांच्या मुली लहान आहेत त्यांनी मात्र पोस्टात जाऊन यावं.

मग पॉलिसी मोडायची का? नाही. एजंटही मोडू नका असंच सांगतील, आणि इथे मी त्यांच्याशी सहमत आहे, कारण वेगळं असलं तरी. 14 हप्ते भरून झालेत, आज सरेंडर केली तर तुम्ही कळवल्याप्रमाणे साडेनऊ लाख मिळतात. ते न उचलता उरलेले सहा हप्ते भरले आणि 2033 ला 21 लाख आले, तर आजपासून पुढचा परतावा 8 टक्क्यांच्या आसपास पडतो, करमुक्त. नुकसान सुरुवातीच्या वर्षांत होऊन गेलंय, आता बाहेर पडलात तर ते फक्त पक्कं होईल. फक्त 21 लाखांचा आकडा विमा कंपनीच्या शाखेतून लेखी घ्या. पेनचा गोल चालणार नाही.

तुमच्या स्वतःच्या नावावर मात्र कारखान्याच्या गटविम्याशिवाय काही नाही, आणि तो नोकरीबरोबर जातो. साठीपर्यंतचा 75 लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. हप्ता आरोग्य तपासणीनंतर ठरेल, मी 25-30 हजार धरून चाललोय. शेवटी काहीच परत मिळत नाही म्हणून नाक मुरडू नका, विमा असाच असतो. आणि कल्पना करा, ते 20 लाखांचं कर्ज काढलं असतं तर त्यात तुम्ही सहकर्जदार असता. हप्ते तुमच्या 54 व्या वर्षी सुरू आणि 64 व्या वर्षी बंद. म्हणजे निवृत्तीनंतर चार वर्षं, राहतं घर गहाण ठेवून, डोक्यावर विम्याचं छत्र नसताना.

राहिलं युलिप. दर वर्षी 1 लाख भरून पाच वर्षांत 5 चे 10 व्हायला वर्षाला 24 टक्के परतावा लागतो. तो देईन असं लिहून देणारी विमा कंपनी भारतात नाही. पैसे बाजारात जातात, वरून शुल्क कापलं जातं आणि पाच वर्षं हात लावता येत नाही. जुना आणि नवा हप्ता मिळून 1 लाख 60 हजार, म्हणजे तुमच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त, एकट्या एजंटच्या सांगण्यावर. कर्जाला याचा "आधार" कसा होतो हे त्यांनाच विचारा, मला सापडलं नाही.

चेक गेला असला तरी उशीर झालेला नाही. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. थोडे खर्च कापून आणि त्या दिवशीच्या युनिटच्या भावाने पैसे मिळतात. अर्ज एजंटकडे देऊ नका, तो "उद्या बघतो" म्हणत महिना काढेल. कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन द्या, पोच घ्या, आणि ईमेलनेही पाठवा. त्याच फेरीत तहसीलमध्ये डोकावून नॉन-क्रिमीलेयर दाखल्याची मुदत आणि उत्पन्नाचा दाखला या वर्षीचा आहे ना ते बघा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शुल्कमाफीचा अर्ज दर वर्षी भरावा लागतो, आणि एक कागद जुना निघाला तरी तो अडकतो.