बीपी जास्त, पण त्रास काहीच नाही. मग डोळे आणि लघवी कशाला तपासायची?

वडील 58 वर्षांचे, बीपी 156/96, तक्रार काही नाही, आणि डॉक्टरांनी गोळीबरोबर डोळ्याचा पडदा व लघवी तपासायला सांगितली. डोळ्याचा बीपीशी काय संबंध, असं तुम्ही विचारलंय. संबंध अगदी जवळचा आहे. दोन्ही तपासण्या जरूर करून घ्या.

दाब सोसून सोसून बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की रक्ताला होणारा अडथळा सोळापट होतो, म्हणजे दाब आणखी चढतो. यात दुखत काहीच नाही, म्हणून ‘त्रास नाही’ यावर विसंबू नका.

या बारीक वाहिन्या चिरफाड न करता थेट बघता येतात त्या डोळ्याच्या पडद्यावर. धमनी शिरेवरून जाते तिथे शीर दबलेली दिसली, तर दाब बरेच दिवस चढलेला असावा. रक्ताचे ठिपके किंवा कापसासारखे डाग दिसले तर उशीर करू नका. तपासणीआधी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. नंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा त्यांना स्कूटर चालवू देऊ नका.

लघवीची ‘एसीआर’ करा, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो. दाबाने किडनीतली बारीक चाळणी बिघडली की अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत गळू लागतं, आणि साध्या तपासणीत अशी थोडीशी गळती सुटून जाते. सकाळची पहिली लघवी द्या. 30 मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. ताप, लघवीचं इन्फेक्शन किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम यांनीही आकडा वाढतो, म्हणून एकदा जास्त आला तर घाबरू नका. तीन महिन्यांत तीनपैकी दोनदा जास्त आला तर तो खरा धरतात. रक्तातलं क्रिएटिनीन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आहे म्हणून एसीआर टाळू नका. किडनीचं जवळजवळ निम्मं काम गेलं तरी ते नॉर्मल दिसू शकतं.

घरी बीपी मोजताना पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. पट्टा उघड्या दंडावर हवा. दंडाला लहान पडला तर आकडा जास्त येतो. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, सात दिवस मोजा आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी 135/85 किंवा त्याहून जास्त म्हणजे बीपी जास्तच.

गुडघेदुखीसाठी ते मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेत असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा. या गोळ्या बीपीही वाढवतात आणि किडनीलाही सोसत नाहीत.