कडाक्याच्या थंडीत लोखंड खरंच काचेसारखं फुटतं का? मशीनचे पार्ट्स आणि खडक यांचं काय होतं?

फुटतं. तुटलेला तुकडा मी स्वतः हातात धरलाय.

एका उघड्या खाणीवर मेंटेनन्सला होतो, हिवाळ्यात रात्री पारा उणे ३२ पर्यंत उतरायचा. एक्स्कॅव्हेटरच्या बूमची (बकेट उचलणाऱ्या मोठ्या हाताची) खालची प्लेट कुजली होती ती मी कापून नवीन वेल्ड केली, दोन आठवडे काही तक्रार नाही. मग एका पहाटे ऑपरेटरने मशीन चालू केलं आणि वॉर्मअप न करता बकेट सरळ गोठलेल्या मातीत हाणली, बंदूक उडाल्यासारखा आवाज आला. प्लेट या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी तडकलेली. कुठे वाकली नाही, ताणली नाही, तुटलेला भाग चकचकीत आणि साखरेसारखा दाणेदार. साहेब आले आणि नीट बघायच्या आधीच म्हणाले, "वेल्डिंग तुझंच ना?" झालं, रिपोर्ट माझ्या नावावर.

आता माझं ऐका. मी प्लेट मागितली होती एस ३५५ एनएल ग्रेडच्या स्टीलची, स्टोअरमधून आली एस ३५५ जेआर. यातलं ३५५ म्हणजे स्ट्रेंग्थचा आकडा, पुढची अक्षरं टफनेसची. मी बोललो तर साहेबांचं उत्तर, "३५५ ते ३५५च, स्ट्रेंग्थ तीच आहे." अहो, थंडीत स्ट्रेंग्थ कमी होतच नाही, उलट थोडी वाढते! जाते ती टफनेस, म्हणजे तडा अडवायची ताकद. हातोडा मारून तुकडा तोडायच्या टेस्टमध्ये स्टीलने निदान २७ ज्यूल ऊर्जा खावी, ही गॅरंटी जेआरला अधिक २० अंशाला असते, जे२ या ग्रेडला उणे २०ला, एनएलला उणे ५०ला. जेआर उणे ३२ला कशी वागेल याची हमी कोणीच दिलेली नसते. सर्टिफिकेटवर टेस्टचं तापमान वाचायचं सोडून लोक फक्त ग्रेडचा आकडा वाचतात.

जानेवारी १९४३ मध्ये स्कनेक्टडी नावाचा नवा कोरा टँकर धक्क्याला शांत उभा असताना मधोमध फाटला. तेव्हाही आधी वेल्डिंगलाच धरलं होतं, स्टीलच थंडीत ठिसूळ पडतं हे नंतर नीट कळलं.

बाकी पार्ट्सचं म्हणाल तर रबर सगळ्यात आधी दगा देतं. सील कडक होतं, दाबलं की परत फुगत नाही, १९८६ ला अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या ओ-रिंगचं (गोल रबरी सीलचं) तेच झालं आणि सात जण गेले. ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये अडकतं. ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये स्टीलचं बेअरिंग असेल तर हाऊसिंग जवळपास दुप्पट आकसतं आणि बेअरिंग आवळतं, मग लोक बेअरिंगच्या कंपनीला शिव्या घालतात.

खडकाचं उलटं आहे. कोरडा खडक नुसत्या गारठ्याने कमजोर होत नाही. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं म्हणून फटी रुंदावतात हे खरं, पण उणे ३ ते उणे १० च्या आसपास बर्फ बाजूचं पाणी ओढून घेत वाढत राहतो, जास्त नुकसान तिथे होतं. आणि ओली माती गोठली की काँक्रीट. आमच्या बकेटने त्या पहाटे काँक्रीटलाच टक्कर दिली होती.

हां, हे सगळ्या धातूंना लागू नाही. तांबं, ॲल्युमिनियम, ३०४ स्टेनलेस असे ठिसूळ होत नाहीत, उणे १९६चा लिक्विड नायट्रोजन स्टेनलेसच्याच टाकीत ठेवतात. तुमचं काम थंडीत असेल तर प्लेटचा कागद आधी मागा, साहेब काय म्हणतात ते नंतर ऐका.

आणि एक राहिलं. असं तुटलं की तुटलेल्या भागावर बाणासारख्या रेघा दिसतात, त्यांची टोकं तडा जिथून सुटला तिकडे असतात. आमच्या प्लेटवरचे बाण वेल्डच्या कडेला जात होते, तिथे अर्ध्या मिलिमीटरचा अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेने प्लेटमध्ये पडलेली खाच, होता. तो माझाच. पण चांगल्या प्लेटने तो तडा तिथेच अडवला असता, हे मी तेव्हाही साहेबांना सांगत होतो.