उचल फिटेना, अर्ज घेईनात: हक्कांबद्दल तुमचे प्रश्न

१० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाला प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर बेळगाव, खानापूर, निपाणी, रायबाग सगळीकडून आले. सगळ्यांना इथं उत्तर देणं शक्य नाही, पाच घेतलेत. नावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. संविधान आहे, कोर्टं आहेत, निवडणुका होतात. मग मानवी हक्कांचं रक्षण करा असं अजून सांगत बसायची काय गरज? हा विषय युद्ध चाललेल्या देशांचा ना?

गुरुजी, लांब नको जायला, होसवंटमुरी आपल्याच बेळगाव तालुक्यात आहे. २०२३ चा मानवी हक्क दिन संपून काही तासही झाले नव्हते, ११ डिसेंबरची पहाट व्हायच्या आधी त्या गावात एका आईला घरातनं ओढून बाहेर काढलं, विवस्त्र केलं आणि विजेच्या खांबाला बांधून मारलं. का, तर तिचा मुलगा लग्न ठरलेल्या मुलीबरोबर निघून गेला होता. आणि त्याच दिवसांत इकडं बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. बातम्या वाचून हायकोर्टानं स्वतःहून केस घेतली, तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे, जन्म निपाणीचा. कोर्टाला मारणाऱ्यांइतकंच बघत उभे राहिलेल्यांचंही लागलं, कारण एवढ्या माणसांत एकच जण पुढं झाला आणि त्यानंही मार खाल्ला. मी ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. जगण्याचा हक्क देणारं कलम २१ त्या रात्रीही संविधानात होतं की. पण बघणाऱ्यातल्या दहा जणांनी हात धरले असते, ११२ ला लगेच फोन लावला असता, तर त्या कलमाचा तिला उपयोग झाला असता. रक्षण म्हणते ते हे, गुरुजी.

प्रश्न: गावात चोरी झाली. माझ्या भावाला स्टेशनातनं फोन आला, जरा येऊन जा. रात्रभर बसवून ठेवलं, मोबाईल काढून घेतला, कन्नड कागदांवर सह्या घेतल्या, त्याला कन्नड वाचता येत नाही. सकाळी सोडलं आणि वर म्हणतात, अटक केलीच नव्हती. (निपाणी भाग)

ताई, एकच गोष्ट विचारा, त्याला मधेच उठून घरी जाता येत होतं का? नसेल तर रजिस्टरला काहीही लिहिलेलं असू दे, तो त्यांच्या ताब्यात होता. आणि ताब्यात घेतलं की कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, वकिलाला भेटू द्यायचं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. हे कलम २२ मध्ये आहे आणि सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालातही. नुसत्या चौकशीला बोलवायचं तर लेखी नोटीस द्यायची, फोनवर "येऊन जा" म्हणणं म्हणजे नोटीस नव्हे. (आईला किंवा बहिणीला साक्षीसाठी बोलावलं तर त्यांना स्टेशनात जावं लागत नाही, पोलिसांनीच घरी यायचं, साठीच्या पुढच्या माणसांनाही तेच लागू. जुलै २०२४ पासून जो नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात हे आहे.)

आता सह्या. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेताच येत नाही, हे निम्म्या लोकांना ठाऊकच नाही. पंचनामा, जप्ती, अटकेचा कागद, यावर सही असते, पण तिथंही मजकूर वाचून, समजून. आणि भाषेचं म्हणाल तर १९६२ मध्येच सुप्रीम कोर्टानं हरिकिसन केसमध्ये सांगितलंय, स्थानबद्ध केलेल्या माणसाला इंग्रजीतली कारणं दिली आणि त्याला इंग्रजी येत नसेल तर ती दिलीच नाहीत असं धरायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या एका केसवरून कोर्टानं पुढं जाऊन म्हटलं की कुठल्याही गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला कळेल त्या भाषेत. आपल्या भागात याचं मोल किती आहे ते मी वेगळं सांगायला नको.

लगेच एक करा. कधी बोलावलं, कधी सोडलं, कोण कोण होतं हे भावाकडनं आठवून तारीखवेळेसकट लिहून काढा आणि एसपींना स्पीड पोस्टानं अर्ज पाठवा. त्यात सह्या घेतलेल्या कागदांच्या प्रती मागा, मोबाईल परत दिला नसेल तर जप्तीची पावती मागा, आणि त्या रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं स्पष्ट लिहा. २०२० पासून प्रत्येक स्टेशनात कॅमेरे लावायचा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. पण फुटेज पुसलं जातं, म्हणून उशीर करू नका. चांगले पीएसआय मी पुष्कळ पाहिलेत, त्यांनाही असा अर्ज आलेला बराच वाटतो.

प्रश्न: आमच्या शेताशेजारी ऊसतोडीची टोळी उतरलीय. एक बाई आजारी आहे, गावी जायचं म्हणते, मुकादम म्हणतो उचल (कामाआधी घेतलेले पैसे) फिटल्याशिवाय हलायचं नाही. यात आम्ही पडावं का? (रायबाग)

पडा, दादा. मी एका सीझनला अशाच एका फडात गेले होते, खोपीच्या दाराशी एक बाई तापानं फणफणलेली, हातात कोयता तसाच, आणि तिचं आधार कार्ड कुठंय विचारलं तर म्हणाली, मुकादमाच्या पिशवीत. नवराबायकोची जोडी म्हणजे हिशोबात एक 'कोयता', हिशोबाची वही मुकादमाकडं, किती टन झाले ते त्यालाच माहीत!

उचल घेणं हा गुन्हा नाही आणि प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारीही नाही, हे आधी सांगते. पण पैसे फिटेपर्यंत जागा सोडता येत नाही, दुसरीकडं कामाला जाता येत नाही, असं झालं की १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागतो आणि त्या कायद्यानं ते कर्जच संपतं, मजुरानं ते फेडायचंच नसतं. कामाला जुंपणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानं असंही म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. अर्ज डीसींना (जिल्हाधिकारी) किंवा एसींना (प्रांत) द्या, बाईनं स्वतःच द्यायला पाहिजे असं नाही, तुम्ही देऊ शकता. त्याआधी तिला दवाखान्यात न्या. कोणी अडवलं तर ११२.

प्रश्न: मानवी हक्क आयोगाकडं जायला वकील लागतो का, खर्च किती?

वकील लागत नाही, फी नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करा. राज्याचा आयोग बेंगळुरूला, राष्ट्रीय दिल्लीला, दोन्हीकडं एकदम पाठवू नका. कोर्टासाठी फुकट वकील हवा असेल तर १५१०० ला फोन लावा, बायकांना, दलित-आदिवासींना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मिळतो.

प्रश्न: मराठीत अर्ज दिला की काउंटरवरनं परत देतात. भांडायचं का? (बेळगाव)

भांडू नका, कलम ३५० सांगा. गाऱ्हाणं मांडायचा अर्ज देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, असं त्यात लिहिलंय. जत-अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही तिकडं हाच हक्क आहे, आणि त्याच्यासाठीही मी हेच लिहिलं असतं. मागं एका ऑफिसात एक आजोबा पेन्शनचा अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिसऱ्यांदा आले होते, कागद घामानं मऊ पडलेला. मी त्या अर्जावर वर फक्त एक ओळ लिहिली, "कलम ३५० प्रमाणे सादर", आणि म्हटलं, घ्यायचा नसेल तर नकार लेखी द्या. क्लार्क आत जाऊन विचारून आला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. तुम्हीही दोन प्रती न्या, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तरीही घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, पोचल्याचा पुरावा मिळतो.