नवीन लाइफ कोच आहे. आत्मविश्वास कसा येईल आणि क्लायंट कुठून मिळतील?

कोर्स झाला, पण फी सांगताना जीभ अडखळते असं तुम्ही लिहिलंय. साहजिक आहे, ती भीड सेशन्स घेता घेताच चेपते. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या संस्थेच्या एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच) या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालासुद्धा किमान 60 तासांच्या प्रशिक्षणाबरोबर 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, आणि त्यातले 75 तास पैसे घेऊन केलेले. तेव्हा फुकटात फार काळ अडकू नका. चार-पाच जणांना कमी फीत सेशन्स द्या, पण किती ते आधीच ठरवून.

"मी लाइफ कोच आहे" म्हटलं की लोक नुसती मान डोलावतात. "बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतणाऱ्यांना घडी बसवायला मदत करते" म्हणा, समोरच्याला लगेच कुणीतरी आठवेल. पहिले क्लायंट बहुधा असे ओळखीतूनच येतात. वेबसाइट, लोगो मागाहून. (लोगोचे रंग निवडत बसणं ही फोन टाळायची सभ्य पद्धत आहे, माझ्या मते.) शेवटच्या सेशनला सरळ विचारा, "अजून कुणाला याचा उपयोग होईल का?"

आणि हो, कुणात नैराश्याची लक्षणं दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. ते कोचिंगचं काम नव्हे.